लहानू मोटारवाल्याचं ‘येतो’

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका. कुणाच्या घरून निघताना आपण काय म्हणतो? — येतो. बरोबर. ‘जातो’ म्हणत नाही. चुकून तोंडातून गेलंच, तर चार जण अंगावर येतात, “अरे, येतो म्हण!” मग आपण येतो म्हणतो — आणि जातो. आता मला सांगा, येतो म्हणून जो आलाच नाही, तो खोटं बोलला की त्यानं नुसती रीत पाळली? पुढच्या रांगेतले काका खाली बघायला लागले. काका, तुम्हाला नाही म्हणालो. तुम्ही जागे आहात एवढंच पुष्कळ आहे.

याचं उत्तर शास्त्रात असेल. मी शोधलं नाही. मला ते उंबरदऱ्यात मिळालं.

उंबरदरा म्हणजे घाटाखालचं साठ-सत्तर घरांचं गाव. तिथं लहानू वाकचौरे नावाचा गृहस्थ. धंदा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. हातात कला अशी, की बंद पडलेली मोटार त्याला नुसतं बघून चालू व्हावी. अडचण एकच — मोटारीला तो दिसायला हवा! आणि लहानू दिसत नसे.

फोन मात्र पहिल्या घंटीला उचलायचा. “लहानूभाऊ, मोटार बंद पडली.” — “येतो.” — “कधी?” — “हा काय, निघालोच.” मागून चहाच्या कपबश्यांचा आवाज. दुसऱ्या दिवशी, “रस्त्यात आहे.” तिसऱ्या दिवशी, “तुमच्याकडंच येत होतो.” पाच गावांकडं एकाच वेळी निघालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. देव सगळीकडं असतो. लहानू सगळीकडं येत असायचा. म्हणा, विठ्ठल विठ्ठल.

वाईट नव्हता हो. समोरच्याला नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. येतो म्हटलं, की समोरच्याचा चेहरा खुलायचा, आणि तो चेहरा बघून लहानूला वाटायचं, चला, निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तेवढं राहायचं.

तर श्रावणातला सोमवार. शाळा अर्धा दिवस. गावाच्या वर, डोंगराच्या पोटात कपारीचा महादेव आहे. गुहेच्या तोंडातून आत शिरलं की पायऱ्या खाली उतरतात. पुढं पंधरा हातांचा बोळ, त्याचं छत इतकं खाली की रांगत जावं लागतं. महादेव नमस्कार आधीच करून घेतो. बोळ संपला की मोठी खोली, तिच्यात एक ओटा आणि ओट्यावर पिंड. सहा पोरं बेल वाहायला गेली. शहाण्या पोरांसारख्या चपला बाहेर काढल्या आणि आत शिरली. तेवढ्यात वरच्या पठारावर पाऊस कोसळला. असा कोसळला, की ओढ्यानं काठ सोडला आणि पाणी सरळ कपारीच्या तोंडात! पायऱ्या बुडाल्या. बोळ छतापर्यंत भरला. पोरं आत, गाव बाहेर, मध्ये पाणी.

खालच्या अंगाला बाया गवत कापत होत्या. त्यांना ओढ्यातून चपला वाहत येताना दिसल्या. लहान मापाच्या. त्यांनी मोजल्या. बारा भरल्या.

सरपंच हौसाबाई धुमाळ. बाई खमकी. तिनं रडणाऱ्यांना रडू दिलं आणि बाकीच्यांच्या हातात खताच्या रिकाम्या गोण्या दिल्या. वाळू भरा, ओढा वळवा. तालुक्याला फोन केला. पथक निघालं होतं, पण मधला पूल पाण्याखाली. ओढा जरा वळला, मग ठरलं, डिझेलचं इंजिन वर न्यायचं आणि बोळातलं पाणी उपसायचं. पण इंजिन बसवणार कोण? नाव एकच होतं. हौसाबाईनं फोन लावला. “लहानूभाऊ, कपारीत सहा पोरं अडकलीत. लगेच ये.”

लहानू म्हणाला, “येतो.”

हौसाबाईनं फोन ठेवला आणि त्याला आणायला दोन माणसं पाठवली. सवय, दुसरं काय. लहानू त्यांना अर्ध्या वाटेत भेटला, पान्यांची पिशवी खांद्याला लावून पळत येताना. तो खरंच निघाला होता. पण विश्वास कोण ठेवणार? त्यांनी त्याला मोटारसायकलवर मधोमध बसवलं, पुढं एक, मागं एक, आणि धरून आणलं.

आता बघा. इंजिन बसणार, पाणी उपसणार, याला तीन-चार तास. तोवर आतली पोरं काय करतील? जिवंत आहेत का, इथून प्रश्न. विहिरीच्या तळाला बुडी मारून फुटव्हॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पायपाचं जाळीचं तोंड, बसवणारा माणूस गावात लहानूच. त्यानं कमरेला दोर बांधला, बॅटरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दातांत धरली आणि बोळात शिरला. पंधरा हात. वर डोकं काढायला इंचभर जागा नाही. निघाला तो थेट आतल्या खोलीत.

सहाही पोरं ओट्यावर, पिंडीला चिकटून बसलेली. थोरला सातवीतला. तो सदरा काढून तयार उभा. म्हणाला, “मी पोहून जातो, काका. मला विहिरीत पोहता येतं.” विहिरीत वर आभाळ असतं, मंडळी. या बोळात वर दगड होता. पोरगा उतरला असता तर त्याच्यामागं दुसरा उतरला असता.

लहानू म्हणाला, “कुणी पाण्यात उतरायचं नाही. मी बाहेर जाऊन इंजिन लावतो. पाणी उतरलं की एकेकाला पाठीवर नेतो. तोवर इथंच बसा. मी येतो.”

सगळं बरोबर होतं. शेवटचे दोन शब्द सोडून.

सुगंधा नावाची पोर होती, सहावीतली. बाळाजी काळ्यांची. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही येत नसता, लहानूकाका.”

“अगं पोरी...”

“आमची मोटार बंद पडून एकोणीस दिवस झाले. आई रोज म्हणती, आज येणार हायेत. शाळेच्या आधी मी पाण्याच्या आठ खेपा करते, डोक्यावरनं.”

बॅटरीच्या उजेडात सहा चेहरे. एकही खुलला नाही. थोरला सदरा कमरेला गुंडाळून पाण्याकडं सरकला. लहानूला तेव्हा कळलं, की आपल्याजवळ दोर आहे, बॅटरी आहे, दम आहे. फक्त या पोरांना थांबवायला जे लागतं ते नाही. ते त्यानं चहाच्या दुकानात बसून, फोनवर, रोज थोडं थोडं संपवलं होतं. लाज वाटली त्याला. पाणी गार होतं, तरी कानशिलं तापली.

“मग काय म्हणू?” त्यानं विचारलं.

सुगंधा म्हणाली, “जातो म्हणा. येतो म्हटलं की तुम्हाला वाटतं, झालं काम. जातो म्हणून जावा. मग तुम्हालाच चैन पडायचं नाही.”

छातीएवढं पाणी, पुढ्यात महादेव, आणि तोंडातून तो शब्द काढायचा. तुम्ही काढला असता? मी नसता. लहानू म्हणाला, “जातो.” आणि बुडी मारली.

बाहेर आला. इंजिन बसवलं. पाणी धो धो बाहेर पडायला लागलं, गाव टाळ्या पिटायला लागलं, आणि इंजिन धापा टाकत बसलं. फुटव्हॉलच्या जाळीत पाला! पोरांनीच नेलेला बेल, बरं का. दर दहा-पंधरा मिनिटांनी कुणीतरी बुडी मारून जाळी साफ करायची. ते कुणीतरी म्हणजे लहानू. जाळी बोळाच्या तोंडाशी, म्हणजे पायऱ्यांच्या तळाशी. तिथून वर यायचं सोडून हा आत जायचा. पार पलीकडं. पाण्यातून डोकं काढायचा, म्हणायचा, “आलो.” घटकाभर दम घ्यायचा. म्हणायचा, “जातो.” आणि परत.

तिसऱ्या खेपेला हौसाबाईनं विचारलं, “पोरं बरी हायेत?”

“बरी हायेत.”

“काय पाहिजे का त्यांना?”

“काय नको.”

“मग आत कशाला गेलता?”

“आलो म्हणून सांगायला.”

हौसाबाईला वाटलं, गार पाण्यानं डोकं फिरलं याचं. सातव्या खेपेला दोर दगडात अडकला. बराच वेळ ओढ लागेना, सैल पडेना. लहानू वर आला तेव्हा कपाळ फुटलेलं, ओठ निळे. हौसाबाईनं दोर हातातून काढून घेतला. “आता नुसतं जाळीपर्यंत जायचं. आत नाही. तू मेलास तर इंजिन कोण बघंल?”

लहानू म्हणाला, “बाई, मागच्या खेपेला थोरला ओट्याच्या पायरीवर उतरून बसला होता. ह्या खेपेला नाही गेलो, तर तो पाण्यात असंल.” आणि दोर परत कमरेला बांधला. आत गेला तेव्हा थोरला गुडघाभर पाण्यात उभा होता. लहानूला बघून तो मुकाट्यानं ओट्यावर जाऊन बसला. त्यानंतर नाही उतरला. त्यानं सदरा घातला, मंडळी. बटणं लावली.

कुणी विचारील, बुवा, महादेव तिथंच होता, तो काय करत होता? पिंडीला पाठ नसते. पोराला बसवायला पाठ लागते. ती लहानूला होती.

अकराव्या खेपेला बोळाच्या छताखाली चार बोटं मोकळी झाली. तेवढी पुरली. नाक वर, मान मागं, पाठीवर पोर — अशी एकेक करून सहा काढली. सगळ्यांत शेवटी सुगंधा. तिची आई तिला कवटाळून रडत होती. आईच्या खांद्यावरून ती म्हणाली, “लहानूकाका, मोटारीचं काय?”

लहानू बोलायच्या अवस्थेत नव्हता. त्यानं नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो काळ्यांच्या दारात उभा. कपाळाला पट्टी, खांद्याला पिशवी. घराला कुलूप! सगळे शेतावर. लहानू येणार म्हणजे आज काही कुणी येत नाही, म्हणून निवांत गेले होते. लहानू पायरीवर बसला. दोन तास बसला. वाट बघणं म्हणजे काय, ते त्याला त्या पायरीवर समजलं. मोटार दुरुस्त व्हायला वीस मिनिटं लागली.

आख्यान संपलं. आता माझं. आमचे गोविंदबुवा म्हणून गुरुबंधू होते. आजारी पडले, तेव्हा मी फोनवर म्हणालो, येतो. पुढं सप्ताह होता, मग आणखी एक सप्ताह. लोकांना परोपकार सांगत फिरत होतो. गेलो, तेव्हा तेराव्याची पंगत बसली होती. मीही बसलो. वहिनींनी वाढता वाढता सांगितलं, “रोज दाराकडं तोंड करून झोपायचे. म्हणायचे, तो म्हणालाय येतो.” मी जेवलो. जेवण चांगलं झालं होतं. मला अजून गिळवत नाही.

तर मंडळी, न येणाऱ्याचं ‘येतो’ हे खोटं की रीत, ते मला विचारू नका. जो वाट बघत बसलाय, त्याला विचारा. तुमच्यातल्या प्रत्येकाचा एक तरी असा आहे. मावशी असेल, मित्र असेल, दवाखान्यात पडलेला चुलता असेल. नाव आत्ता डोळ्यापुढं आलंय, ते मला इथून दिसतंय.

आता आरती होईल. ज्याला आत्ताच उठून कुणाकडं जायचंय, त्यानं आरतीला थांबू नये. देव रागावत नाही. त्याला कळतं, कुठं निघालात ते.