राजदूताच्या घराचा उंबरा

तुम्ही विचारता, एवढ्या लांब दिल्लीला जाऊन मी केलं काय? एक चौकट बसवली.

जपानच्या राजदूताचं घर होतं. सजावट करणाऱ्या बाईंना त्यात निम्मं जपान आणि निम्मा आपला मुलूख हवा होता, म्हणून त्यांनी लोहा गावचा हा सुतार नेला. आतल्या भिंती कागदाच्या, सरकणाऱ्या. त्यांतून ऊन दुधासारखं झिरपायचं. आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळायचं नाही.

मी सागवानी चौकट उभी केली आणि बाई म्हणाल्या, "बाबा, खाली हे काय? पाहुणे ठेचकाळतील. उंबरा कापून काढा."

"बाई, उंबऱ्याबिगर दार म्हंजे खालच्या व्हटाबिगर तोंड."

"कापा म्हणते ना!"

काम त्यांचं. मी उंबऱ्याच्या पाया पडलो आणि करवत उचलली.

तेवढ्यात राजदूत साहेब आपल्या म्हाताऱ्या आईला घर दाखवायला आले. आई दारात थबकली. तिनं जोडे काढले, झग्याचा घोळ उचलला आणि उंबऱ्याला न शिवता अलगद आत गेली. मागून साहेबांनी नेमका उंबऱ्यावरच पाय दिला. म्हातारीनं वळून त्यांच्या मांडीवर फाडकन चापट मारली आणि काहीतरी बोलली. एवढ्या मोठ्या माणसानं पाय मागं घेतला आणि उंबरा ओलांडून आत गेला.

बाईंनी हळूच माझ्या हातातली करवत काढून घेतली. दुभाषी अर्थ सांगायला पुढं आला.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या दादा, समजलं. माझी माय बी हितंच मारायची."