काडी न खाणारी बुरशी

दाढ काढलेले गृहस्थ तोंडात बोळा धरून दवाखान्याच्या बाकावर बसले होते. बोलायची सोय नव्हती, पण कान शाबूत होते. शेजारी एक मामा आणि त्यांची संशोधन करणारी भाची नंबरासाठी ताटकळत होती.

“वाळल्या काड्यांपासून इंधन करणार होतीस ना गं? कुठवर आलं?”

“थांबलंय, मामा. माझी बुरशी काडी खाईना झालीय.”

“तिला काय धाड भरली?”

“प्रयोगशाळा बघायला पाहुणे येणार होते. बुरशी कशी हिरवीगार दिसायला हवी, म्हणून आमच्या सरांनी तिला महिनोन्‌महिने साखर घालायला लावली. आयतं मिळाल्यावर ती काडी विरघळवणारा रस कशाला सोडेल?”

“मग आता उपाशी ठेव. भूक लागली की झक मारत खाईल.”

“ठेवून पाहिलं. वळणच मोडलंय तिचं.”

“मूळची थोडी राखून ठेवली नव्हतीस?”

“फ्रीजमध्ये होती. पाहुण्यांच्या सरबताला जागा हवी म्हणून बाहेर काढली. मेली.”

“अगं, मग सांग की वर जाऊन!”

“सर सांगून मोकळे झालेत. म्हणे, आधीचे आकडे मीच रचले होते.”

“आणि तू ऐकून घेतलंस?”

“प्रबंधावर सही त्यांचीच लागते, मामा.”

“म्हणजे एवढी वर्षं पाण्यात?”

“छे! नवा विषय दिलाय त्यांनी. साखरेने बुरशी कामातून कशी जाते. शोध सरांचा.”

“आणि तू काय करतेस?”

“मी? रोज साखर घालते.”