नेम नसलेला उजेड

माझी नात सासरी गेली त्या वर्षी गोंदियाच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी देवचंद आणि त्याची लेक बसले होते. आत त्याची बायको कुंदाबाई निपचित पडली होती.

"मोबाइलवर काय पाहून राहिली, पुष्पा?"

"ब्लेझार, बाबा. लई दूरच्या आकाशगंगेचा गाभा. त्यातून येणारे एक्स-रे किरण एका रात्रीत दुप्पट होतात, मंग मंदावतात."

"याचाच पगार भेटते का तुले?"

"हो."

"मंग पुन्हा कवा उजळन?"

"त्याचा नेम नाही. पाहत राहा लागते."

"तुह्या मायनं काल माहं नाव घेतलं. आज डोळेच उघडत नाही. तू शिकलेली, सांग, कवा बोलन?"

"चहा आणू का, बाबा?"

"नोको. तू चहाले जाशीन अन् तेवढ्यात तुही माय डोळे उघडन."

त्यानंतर कुंदाबाई तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, सकाळी वारली.