निळ्या कोटातल्या आजी

विठुरायाच्या पायी डोकं ठेवते आणि मंडळी, तुम्हाला एकच प्रश्न विचारते! जो माणूस आपल्याला कधी भेटलाच नाही, त्याच्या तोंडी आपण शब्द घातले, तर ते पाप का हो? काका, एवढ्यात मान हलवू नका! 'कुणाचं काय बिघडलं त्यात?' असं मनात आलं ना? आलं! इथून दिसतं मला! मग ऐका, केतकी बारबोलेचं काय झालं ते.

केतकी बार्शीची. पुण्यात एमबीए करत होती. हुशार! कॉलेजनं निवडून पाठवली – कुठे? थेट हॉलंडला! तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम. तुम्ही म्हणाल, तीन आठवड्यांत माणूस काय शिकतो? अहो, तीन आठवडे सासरी राहून सून काय काय शिकते, विचारा या मावशींना!

तिथली रीतच वेगळी. पुस्तक मिटा, एका खऱ्या दुकानात जा, गिऱ्हाइकांशी बोला, आणि धंदा कसा वाढवायचा ते दुकानदाराला सांगा. केतकी आणि तिचा पुण्याचा वर्गमित्र निनाद, दोघांच्या वाट्याला आली छोट्याशा गावातली एक बेकरी. मालकांचं नाव हेंड्रिक. सत्तरीचे, ताडमाड उंच, मिशीला कायम पीठ! आपण त्यांना हेंड्रिककाका म्हणू, त्यांना कुठे कळतंय! मागच्या खोलीत विटांची जुनी भट्टी. काकांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं रचलेली. अजून रोज पेटायची.

ठरलं, निनाद आकडेमोड करणार, केतकी गिऱ्हाइकांशी बोलणार. "जमेल ना?" – "न जमायला काय झालं!" अशी ही फुशारकी! पहिल्या बाई आल्या. केतकी इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, दोन मिनिटं–"

"नाही. वेळ नाही."

झालं! गेल्यासुद्धा! तिकडे लोक असंच सरळ बोलतात. त्यात राग नसतो. पण बार्शीच्या पोरीला ते कसं कळावं? आपल्याकडे बाहेर निघायला पायात चप्पल घातलेला माणूसही 'या, चहा घेऊन जा' म्हणतो! केतकीचं तोंड एवढंसं झालं. दुसरं गिऱ्हाईक आलं, हिनं फोन काढला. तिसरं आलं, ही काचेतले पाव न्याहाळत बसली. असे दिवसच्या दिवस गेले! खोलीवर एकटी, वर्गात गप्प, दुकानात चोरासारखी.

उद्या सगळ्यांसमोर बोलायचं, आणि निनाद विचारतो, "मग? लोक काय म्हणाले?"

केतकी रडकुंडीला. "मी कुणाशी बोललेच नाही रे..."

"अगं, एवढंच ना? पुण्यात आपण लोकांची मतं कुठे बसून गोळा केली होती?"

"कँटीनमध्ये."

"मग बस इथे आणि कर गोळा!"

आणि केतकीनं बसल्या जागी एक बाई घडवली! निळा कोट, पांढरे केस, हातात काठी. तिच्या तोंडी वाक्य घातलं – 'पाव घेऊन घरी जाते, पण घरी बोलायला कुणी नाही. इथेच दोन खुर्च्या असत्या, तर किती बरं झालं असतं!'

दुसऱ्या दिवशी केतकीनं ते वर्गासमोर सांगितलं! प्राध्यापिका बाईंनी टाळ्या वाजवल्या. आणि ऐकायला आलेले हेंड्रिककाका? रुमालानं डोळे पुसत होते हो!

"माझ्या दारात येऊन एक म्हातारी एवढी एकटी असते, आणि मला पत्ता नाही!" ते म्हणाले. "मी जागा करतो. मागची भट्टी पाडतो."

भट्टी! काकांच्या वडिलांच्या हातची! बार्शीहून आईचा फोन – "केतू, सगळ्या गल्लीला सांगितलं बघ मी!" हिनं 'नंतर बोलते' म्हणून फोन ठेवला.

काका तिला गाठून म्हणाले, "त्या आजींना घेऊन ये. पहिली खुर्ची त्यांची."

"त्या... गावाला गेल्यात."

"कुठल्या?"

"लेकीकडे."

"कधी येणार?"

बघा! एक खोटं बोललं की त्याला लेकीबाळी होतात, माहेर होतं, गाडीचं वेळापत्रकसुद्धा लागतं! काका येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला विचारायला लागले – "तुमच्याकडे निळा कोट आहे का?" दार उघडलं की केतकी आधी कोटाचा रंग बघायची. कुठूनतरी खरंच एक निळा कोट येऊ दे, म्हणून देवाला विनवायची. देवानं काय कोट शिवत बसायचं?

गवंडी यायचा दिवस उजाडला. निनाद म्हणाला, "गप्प बस! परवा आपलं विमान. आपण गेल्यावर भट्टी राहिली काय, पडली काय!"

पण केतकीचे पाय बेकरीकडे वळले. आतून आवाज आला – ठक्! ठक्! आत जावं, तर अब्रू जाते, प्रमाणपत्र जातं. परत फिरावं, तर एका म्हाताऱ्याच्या बापाची भट्टी जाते! मृदंगवाले दादा, वाजवू नका. ऐका फक्त, ती पोर दारात उभी आहे...

"थांबा! सर, थांबवा त्यांना! ती बाई नाहीच! मी बनवली!"

हातोडा हवेतच राहिला. वरची एक वीट निखळून पडलेली. काका पिठाच्या पोत्यावर बसले.

"मग ते वाक्य कुणाचं?"

"माझं."

"'घरी बोलायला कुणी नाही' – हे?"

केतकीला हुंदका फुटला. "इथे आल्यापासून माझ्याशी कुणी बोललं नाही, सर. मलाच बसावंसं वाटायचं इथे."

काका उठले. जवळ घेतलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही! कोरड्या आवाजात म्हणाले, "मग तुझ्या नावानं सांगायचं होतंस. मी खुर्ची दिली असती. त्यासाठी भट्टी लागत नाही." आणि गवंड्याला परत पाठवलं.

केतकीनं प्राध्यापिका बाईंनाही सांगितलं. प्रमाणपत्र मिळालं नाही. आईला सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही. पण भट्टी उभी राहिली!

आता हसू नका केतकीला! तुमच्या घरी नाहीत का निळ्या कोटातल्या आजी? पोरगी खो-खोच्या सामन्याला परगावी निघाली – 'लोक काय म्हणतील?' सून म्हणाली, नोकरी करते – 'लोक नावं ठेवतील!' कोण लोक? नाव सांगा! घर दाखवा! गेला होतात विचारायला कधी? बसल्या जागी माणसं घडवता, त्यांच्या तोंडी आपली भीती घालता, आणि चांगल्या उभ्या भट्ट्या पाडता की हो पोरींच्या!

आज घरी जा आणि आपल्या नावानं सांगा – 'बाळा, मला भीती वाटते.' एवढंच! तुमच्या भीतीजवळ आम्ही पोरी येऊन बसू, तिला समजावू. पण जे लोक नाहीतच, त्यांना आम्ही काय उत्तर द्यायचं?

चला, हात वर, आणि आवाज आपापला – विठ्ठल! विठ्ठल!