झाकणावरचा इशारा

बायको गेल्यावर तिचा मोबाईल बंद पडला. तो घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. बाकावर एका शाळेचे शिपाईमामा बसले होते. तेवढ्यात त्यांच्या मुख्याध्यापिका धावत आल्या.

"मामा, काय केलंत?"

"मी लॅपटॉप दुरुस्तीला आणला, बाई. हे दुकानदार मला चोर म्हणतात."

"मॅडम, पोलिसांना फोन केलाय मी. झाकणावर काय लिहिलंय ते वाचा."

"'हा लॅपटॉप चोरीचा आहे.' अगं बाई! कोणी लिहिलं हे?"

"मी. ऑइलपेंटनं. तुम्हीच म्हणालात, चोराला विकता येऊ नये अशी खूण करा."

"खूण म्हणजे शाळेचं नाव हो!"

"नाव वाचूनही लोक घेतात. हे वाचून कोण घेईल?"

"सगळ्या वीस लॅपटॉपवर लिहिलंत?"

"एकवीस. तुमचाही धरून. आणि प्रिंटर."

"अहो, उद्या तपासणीला साहेब येणार आहेत! दादा, हा आमच्याच शाळेचा आहे. सोडा यांना."

"शाळेचं नाव कुठंय यावर?"

"स्टिकर होता ना झाकणावर."

"होता, बाई. अक्षरं मोठी झाली, जागा पुरेना, म्हणून खरवडला."

"मॅडम, तुम्हीही बसा. पोलीस आले की बघू."

बाई मामांशेजारी बसल्या. दुकानदार माझ्याकडे वळला.

"काका, हा मोबाईल तुमचा?"

"बायकोचा."

"मग त्यांना बोलवा."

मी मोबाईल खिशात ठेवला आणि बाकाकडे गेलो. मामा सरकले.

"या, बसा. तिघांना पुरेल."