पिठातले ठसे

सासूबाई : अरे, किती वाकशील? उंदीर पकडायला बोलावलंय तुला, फरशीची पूजा करायला नाही.

उंदीरवाला : आजी, काल संध्याकाळी पिंजऱ्याखाली पीठ भुरभुरवून गेलो होतो. त्यावर उमटलेले पाय बघतोय.

सासूबाई : मला न विचारता पीठ?

सून : तुम्ही फिरायला गेला होतात, आई. दादा, लवकर बघा हो. आमचे हे दुपारी मित्राला घेऊन येणारेत. उंदरांचा त्रास थांबणार नसेल तर दोन्ही लव्हबर्ड पिंजऱ्यासकट त्याच्या घरी.

सासूबाई : नेऊ तर दे! नात शिकायला गेली तेव्हा पिंजरा कुणाच्या हाती दिला तिनं? बापाच्या? माझ्या! सुट्टीला आली की काय दाखवू तिला, भिंतीवरचा खिळा?

सून : पण काल ह्यांचे मोजे कुरतडले उंदरांनी.

सासूबाई : त्याचे मोजे खाऊन उंदीर जगला, याचंच मला नवल.

उंदीरवाला : हे बघा, वहिनी. फ्रिजमागून आले, पिंजऱ्याखाली पोटभर जेवले, आले तसे परत गेले. चांगले माजलेत.

सून : म्हणून माझ्या सापळ्यातल्या पावाकडे चार दिवस ढुंकून बघत नाहीत!

उंदीरवाला : भरल्या पोटी शिळा पाव कोण खाईल? संध्याकाळी दाण्यांची वाटी काढून ठेवता ना?

सून : रोज. आज तर अजून परत ठेवलेलीही नाही. दाणे पत्र्याच्या डब्यात, वर घट्ट झाकण. खाली पडलेली टरफलंसुद्धा झाडून घेते.

उंदीरवाला : मग वाटी आत्ता पिंजऱ्यात कशी? तीही अर्धी भरलेली? आणि हे गोल ठसे कुणाचे? बाटलीच्या बुचाएवढे, बाजूला चपलांचे.

सासूबाई : असेल एखादी घूस.

उंदीरवाला : चपला घालून? काठी टेकत?

सून : आई, काठी बघू जरा.

सासूबाई : काठीत काय बघायचंय? लाकूड आहे.

(सासूबाई काठी हळूच खुर्चीमागे सरकवतात.)

सून : टोकाला पीठ लागलंय, आई.

सासूबाई : बरं, रात्री मीच घातले दाणे! अंधारात चार खाली सांडले असतील. कुणाचा खून नाही केला. नवी नवरी होऊन आले तेव्हा अकरा माणसांत शेवटचं ताट माझं. बाकीचे ढेकर देत उठायचे, मी पातेलं खरवडायचे. तेव्हाच ठरवलं, माझं राज्य आलं की रिकाम्या भांड्यापुढे कुणी झोपणार नाही. तुला कधी उपाशी ठेवलं?

सून : कधीच नाही. आल्या दिवसापासून आधी मला वाढता. बरोबर टोमणेही वाढता.

सासूबाई : ते तोंडी लावायला.

उंदीरवाला : आजी, पक्षी अंधारात खात नाहीत. दिवा मालवला की चोच पिसांत. वाटी उजाडल्यावर ठेवली तरी चालते त्यांना.

सासूबाई : एक दाणासुद्धा नाही खात?

उंदीरवाला : एकही नाही.

सासूबाई : म्हणजे महिनाभर मी त्या मेल्यांना...

सून : खानावळ चालवलीत. फुकट.

सासूबाई : हस, हस. दात मोजते मी तुझे.

उंदीरवाला : संध्याकाळी वाटी बाहेर, दाणे डब्यात. फ्रिजमागचं भोक मी आत्ताच बुजवतो. आत राहिलेले भुकेपोटी सापळ्यात येतील. आठवड्यात घर मोकळं.

सून : मग ह्यांना फोन करते. मित्राला आणू नका म्हणते.

सासूबाई : आणि कारण काय देशील?

सून : वाटी काढायला मीच विसरत होते, असं सांगते. तुमचं नाव नाही येणार.

सासूबाई : माझ्यापायी तू बोलणी खाणार? माझ्या डोळ्यांदेखत? आण तो फोन इकडे.

सून : राहू द्या ना, आई.

सासूबाई : आण म्हटलं ना... हं, मी बोलतेय. मित्राला आणू नकोस, पिंजरा कुठे जाणार नाही. मध्ये बोलू नकोस, हे मी एकदाच सांगणारे. उंदीर पक्ष्यांनी नव्हते बोलावले. मी बोलावले होते.