तळाला लागलेलं

चांगुणा : आन् ह्या कागदावर काढल्यात त्या काय, काकड्या?

मच्छिंद्र : काकड्या न्हाईत गं. सासेज म्हनत्यात. आतड्यात खिमा भरायचा आन् भाजायचा. हे गोल गोल हायेत ते बटाटं. आन् खाली हा पॅन. समदं एकाच भांड्यात.

चांगुणा : ह्यो साहेब कारखान्याचं मशीन बसवायला आलाय का चित्रं काढायला?

मच्छिंद्र : काय करनार बिचारा. त्याला मराठी येत न्हाई, मला जर्मन येत न्हाई. काल दुपारी पुढचं ताट सरकावलं, खिशातनं पेन्सिल काढली आन् हे कागदावर काढून गेस्ट हाऊस बघनाऱ्या आबासायबांच्या हातात दिलं.

चांगुणा : ते काय म्हनाले?

मच्छिंद्र : म्हनाले, काळजीच सोडा. आमचा मच्छिंद्र नगरला लष्कराच्या मेसमध्ये बारा वर्सं खानसामा हुता. उद्या सांजच्याला टेबलावर दिसंल.

चांगुणा : मग बरोबर बोलले की. असं तोंड का केलंय? तुमी नुसतं सांगा, मी हात चालवते. तेवढ्यासाठीच बोलावलंय ना मला? आतडी मागितली तर खाटीक हसायला लागला. म्हनला, गेस्ट हाऊसात आतडी कोन खानार? मी म्हनलं, तू आपली दे, खानारा आमी बघतो.

मच्छिंद्र : तुला येत्यात ना साफ करायला?

चांगुणा : माझ्या आज्ज्याच्या दोनशे मेंढ्या हुत्या. आमी लहानपनी रानात आतड्यात काळीज भरून निखाऱ्यावर टाकायचो. ज्वारीच्या धाटाची काडी आत घालून आतडं उलटं करायचं, मीठ-लिंबू लावून तीनदा चोळायचं, की झालं. हे बघा, कसं निघालं. गोधडीचा दोरा आनलाय बांधायला.

आबासाहेब : मच्छिंद्रा, आहेस का रे आत?

मच्छिंद्र : हाय जी, आबासायेब. ही आमची घरातली, चांगुणा. मदतीला आलीया.

आबासाहेब : बरं झालं. बाई, तुमच्या नवऱ्याच्या हातात आज कारखान्याची अब्रू आहे. साहेबाने बॅग भरून दाराशी ठेवली आहे, मी आत्ता डोळ्यांनी पाहून आलो. आठ दिवस माणूस नुसता भात आणि उकडलेली अंडी खातोय. उद्या दौंडला जाऊन गाडीत बसला तर ते टर्बाइन कोण जोडणार? मी? दसऱ्याला मोळी टाकून गाळप सुरू करायचं आहे, तालुकाभर पत्रिका गेल्यात.

मच्छिंद्र : न्हाई जात तो.

आबासाहेब : महिनाभर तू सांगतोस, अमक्या ब्रिगेडियरला हे खाऊ घातलं, तमक्या कर्नलला ते. मी संचालकांना सांगून साहेबासाठी तुला चुलीपुढं घेतला. आज दाखव काय ते. नाहीच जमलं तर सरळ सांगतो, उद्यापासून वजनकाट्यावर जायचं, उसाच्या गाड्यांचे नंबर घ्यायला. बरोबर सातला जेवतो तो.

चांगुणा : तुमी निर्धास्त जावा, आबासायेब. सातला पॅन टेबलावर आसंल.

आबासाहेब : असं कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. येतो मी सातला.

मच्छिंद्र : कशाला शब्द दिलास गं?

चांगुणा : का म्हंजी? कर्नलला खाऊ घातलेला मानूस बाजूला हुबा असताना मी भिऊ कशाला? तुमी ते बटाटं घ्या. मी खिमा पाट्यावर वाटते. अवो, हे काय?

मच्छिंद्र : काय झालं?

चांगुणा : निम्मा बटाटा सालीबरोबर गेला की. आन् सुरी कशी धरलीया. असं तर आपली शेजारीन छबूबाई पन धरत न्हाई, आन् तिला डोळ्यानं दिसत न्हाई.

मच्छिंद्र : सवय मोडलीया.

चांगुणा : सवय मोडली तरी हात इसरत न्हाई. बघा माझ्याकडं. काय लपवताय?

मच्छिंद्र : चांगुणे, मी खानसामा नव्हतो.

चांगुणा : मग?

मच्छिंद्र : भांडी घासायचो. बारा वर्सं. मेसच्या मागच्या अंगनात, नळाखाली.

चांगुणा : आन् तो पॅन? घरात भिंतीवर टांगलेला, आज हितं आनलाय त्यो? खंडेनवमीला पाटावर मांडून हळदकुकू वाहता, मला कवा ऑम्लेट करू दिलं न्हाई त्याच्यात.

मच्छिंद्र : मी घासलेला पॅन हाय. मेसवाल्यांनी नवा घेतला तवा हा मला दिला.

चांगुणा : माझ्या आईला मी काय सांगत आले म्हाईत हाय? माझा मालक साहेबलोकांचा खानसामा. भावजयीला हिनवलं, का तुझा नवरा बैल हाकतो. सोळा वर्सं मिरवलं मी.

मच्छिंद्र : आपल्या सोयरिकीत मामा बोलला खानसामा म्हनून. मी गप बसलो. एकदा गप बसलो ते बसलोच. मग तोंडाला सवय लागली.

चांगुणा : मला लई वाईट वाटलं, सांगून ठेवते. भांडी घासायचं न्हाई वाटलं. मला सुदिक सांगितलं न्हाई, त्याचं.

मच्छिंद्र : चुकलंच माझं. आबासायबांना सांगून येतो, उद्याच्याला काट्यावर जातो.

चांगुणा : बसा खाली. शब्द मी दिलाय, तुमी न्हाई. रुसायचं ते मी उद्या रुसंन, आज येळ न्हाई. मला एक सांगा. हे असलं रांधलेला पॅन तुमच्याकडं कवा आला हुता का घासायला?

मच्छिंद्र : दर शुक्कुरवारी. त्यो हाच पॅन.

चांगुणा : मग तळाला काय लागल्यालं असायचं?

मच्छिंद्र : म्हंजी?

चांगुणा : म्हंजी काय म्हंजी. बारा वर्सं खरवडलंत ना? काय निघायचं ते सांगा.

मच्छिंद्र : थांब, पॅन दे इकडं. हातात असला की आठवतं. वरवर बटाट्याची पिवळी कड असायची, ती पान्यानं सुटायची. तिच्याखाली कांदा, तांबूस, चिकट. त्याला राख लागायची. आन् पार तळाला चरबीचा पापुद्रा, त्याला गरम पानी.

चांगुणा : घासताना वरनं खाली गेलात. म्हंजी रांधताना खालनं वर. आधी चरबीवर सासेज, मग कांदा, मग बटाटं.

मच्छिंद्र : अगं व्हय की.

चांगुणा : अजून?

मच्छिंद्र : पॅनला आतल्या अंगानं एक रेघ असायची. ही बघ, हितं, बोटभर उंचीवर. चारी बाजूंनी सारखी.

चांगुणा : ती पान्याची. बोटभर पानी घालून वर झाकन ठेवत असनार. नायतर बटाटा शिजंल कसा? वास कसला यायचा?

मच्छिंद्र : मिरीचा. आन् दुसरा एक यायचा, सांगितलं तर हसशील.

चांगुणा : आज मला हसायला कायबी चालंल.

मच्छिंद्र : पुरनपोळीचा.

चांगुणा : मटनाला? मग ते जायफळ. दुसरं काय असनार. डबा आनलाय मी, किसते खिम्यात. आन् काळा मसाला घालू मूठभर?

मच्छिंद्र : अजाबात न्हाई. बारा वर्सांत त्या पॅनला लाल डाग बघितला न्हाई मी.

चांगुणा : मसाल्याबिगर मटन. देवा, कसली मानसं.

मच्छिंद्र : तिकडं ते डुकराचं करत्यात.

चांगुणा : हितं बोकडाचं हाय, आन् ते पन कवळं. पोट भरल्यावर त्याला फरक कळला तर मला येऊन सांगंल. आता आतड्यात भरायला नरसाळं बघा काय तरी.

मच्छिंद्र : हे घे.

चांगुणा : ह्याला रॉकेलचा वास येतोय, अवो. साहेबाला पेटवायचाय का? मागं पपईचं झाड हाय, त्याचा एक देठ तोडून आना. आतनं पोकळ असतो. त्याच्यानं खिमा बरोबर सरकतो.

मच्छिंद्र : हा घे देठ. तुला असलं सुचतं कसं?

चांगुणा : पोटाला लागलं की सुचतं. धरा हे टोक. सैल धरा, गाईचा कासरा न्हाई त्यो. बांधला एक. बांधला दुसरा. आठ झाले. टाका चरबी पॅनमध्ये. शेगडी फुलली का?

मच्छिंद्र : फुलली. चांगुणे, सोळा वर्सांत पैल्यांदा हा पॅन चुलीवर चढतोय आपल्याकडं.

चांगुणा : त्याला पन बरं वाटत असंल. टाकला एक. ऐका आवाज. अगं बाई, फुटला.

मच्छिंद्र : थांब. आता आठवलं. दाभन घे, टोचायला पायजे जागोजागी. फुटला की तळाला काळं ढेकूळ धरायचं, राखेनं न्हाई निघायचं, विटकरीचा चुरा लागायचा. ज्या दिशी खानसामा कुनावर चिडलेला असायचा, त्या दिशी ढेकूळ. त्याचा हात बिघडला की माझा खांदा दुखायचा.

चांगुणा : मग आधी सांगायचं.

मच्छिंद्र : आधी नसतं आठवत. काय तरी बिघडलं की आठवतं.

चांगुणा : बरं, फुटलेला बाजूला काढा, तो आपल्या दोघांचा. निखारं कमी करा. असं. आता बघा, कसा रंग चढतोय. कांदा टाकते. मोठा चिरलाय, बारीक केला तर जळंल. आता बटाटं. पानी?

मच्छिंद्र : ह्या रेघेपर्यंत. बास. झाक.

चांगुणा : शेवटाला काय? नुसतं मीठ-मिरी? कायतरी कमी पडतंय मला.

मच्छिंद्र : आंबट असायचं. पॅनच्या कडेला बोट लावून जिभेवर ठेवलं की चुरचुरायचं.

चांगुणा : तुमी उष्टं चाटायचात?

मच्छिंद्र : भूक लागायची गं. आमचं जेवान समद्यांच्या मागनं असायचं. वासानं जीव जायचा.

चांगुणा : हे तरी सांगायचं व्हतं मला. ह्याच्यावर मी हसले असते व्हय? लिंबू कापा ते. हात पुसा आधी, डोळं नंतर पुसा. श्रीगोंद्यात बसून आंबटाला कमी पडायचं कारनच न्हाई.

आबासाहेब : सात वाजले. साहेब टेबलाशी येऊन बसला आहे. झालं का?

चांगुणा : झालं. ह्यो पॅन असाच न्या. ताटात काढला तर निवंल. चित्रात ताट नव्हतंच, मी नीट बघितलंय. आन् हे दौंडवरनं आनलेलं पाव.

आबासाहेब : वास तर बरा येतोय. द्या इकडं.

(आत टेबलावर काटा-सुरी वाजते आणि थांबते.)

मच्छिंद्र : काटा ठेवला त्यानं.

चांगुणा : काटा ठेवला म्हंजी हातानं खात असंल.

मच्छिंद्र : न्हायतर उठून गेला असंल.

चांगुणा : उठला असता तर खुर्ची वाजली असती. तुमी तो फुटलेला खाऊन बघा. निम्मा मला ठेवा.

मच्छिंद्र : चांगुणे.

चांगुणा : काय? खारट झालाय?

मच्छिंद्र : वास आन् कडेचं बोटभर, येवढंच मिळालं हुतं मला ह्याचं बारा वर्सं. लई झ्याक लागतंय.

आबासाहेब : मच्छिंद्रा, चल आत. साहेब उठून उभा राहिलाय.

मच्छिंद्र : चिडलाय?

आबासाहेब : चिडतोय कशाला. सहा पाव खाल्ले, आणि बॅग पायाने खाटेखाली सारली. स्वयंपाक्याशी हात मिळवायचा, असं खुणेनं सांगतोय. ते तोंड पुस आणि चल. अरे, थांबलास का? चेअरमनला फोन करून सांगितलं मी, आपला मच्छिंद्र म्हणजे सोनं आहे.

मच्छिंद्र : आबासायेब, हात हिच्याशी मिळवायचा. रांधलं हिनं.

आबासाहेब : बरं, तिनं मदत केली, पण खानसामा तू.

मच्छिंद्र : मी खानसामा नव्हतोच कवा. मेसमध्ये भांडी घासायचो.

आबासाहेब : आणि ती बारा वर्षं?

मच्छिंद्र : बारा वर्सं खरी हायेत. खानसामा खोटं.

आबासाहेब : ब्रिगेडियर, कर्नल?

मच्छिंद्र : त्यांची ताटं मी घासली. पार चकचकीत.

आबासाहेब : शाबास. म्हणजे महिनाभर मला गंडवलंस. मग ही कृती कुणी सांगितली? चांगुणाबाई तर कधी लष्करात नव्हत्या.

चांगुणा : ती ह्यांनीच. तळाला लागलेलं वाचून. समदं सांगत बसले तर तिकडं साहेब ताटकळंल.

आबासाहेब : उद्यापासून गेस्ट हाऊसच्या रजिस्टरला स्वयंपाकाला नाव तुमचं लागेल, बाई. ह्याचं नाही लावणार मी.

मच्छिंद्र : लावा. मी काट्यावर जातो, तुमी बोलल्यापरमानं.

चांगुणा : हे काट्यावर गेले तर मी बी घरी जाते. मला रांधता येतं, पन साहेबाचं काय कसं असतं ते ह्यांना आठवतं. भांडी घासनारा मानूस म्हनून ह्यांचं नाव लावा. खरं तेच लावा.

आबासाहेब : लावा म्हणता? आणि रे, तुला चालेल?

मच्छिंद्र : चालंल की. ते काम मला येतं.

आबासाहेब : बरं, लावतो. या बाई, साहेब वाट बघतोय. पदर नीट करा, आणि हात घट्ट मिळवा, तो लई जोरात दाबतो. मच्छिंद्रा, हा तुझा पॅन.

चांगुणा : हे बघा, आले हात मिळवून. माझी बोटं अजून दुखायलीत. पन तुमी असं पॅन घेऊन का हुबं ऱ्हायलात? घासा की. आजपास्नं कामच हाय तुमचं.

मच्छिंद्र : काय घासू? पावानं पुसून खाल्लंय. तळ दिसतोय नुसता. बारा वर्सांत असं भांडं माझ्याकडं आलं न्हाई.

चांगुणा : बघू. व्हय की.

मच्छिंद्र : धुतो नुसता, आन् घरी गेल्यावर टांगतो.

चांगुणा : टांगू नका आता. चुलीपाशी ठेवा.